अपेक्षाक्षितिज आणि प्रथम प्रयोग : ब्रॉडवेवरील एकपात्री संगीतिकेच्या चाहत्या प्रेक्षकाचा विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

नाटकाच्या अभ्यासात संहिता, प्रयोग आणि प्रेक्षक हे तीन घटक नेहमी एकत्र उच्चारले जातात. त्यांपैकी प्रेक्षकाचा विचार मात्र बहुधा पडदा वर गेल्यानंतरच सुरू होतो. प्रेक्षक नाट्यगृहात येतो, समोर घडणारे पाहतो, त्याला प्रतिसाद देतो, असे गृहीत धरून प्रतिसादाची चर्चा केली जाते. तो येण्यापूर्वी त्याच्या मनात काय घडलेले असते, त्याने काय ऐकलेले असते, कशाची वाट पाहिलेली असते, हा प्रश्न प्रसिद्धीचा किंवा व्यवसायाचा मानून बाजूला ठेवला जातो. साहित्यकृतीच्या संदर्भात ही उणीव हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ मध्ये कॉन्स्टान्झ विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानात दाखवून दिली. कोणतीही कृती कोऱ्या मनावर उमटत नाही. वाचकाच्या पूर्वानुभवाने, त्या प्रकाराच्या संकेतांनी आणि आधीच्या कृतींच्या स्मरणाने एक अपेक्षाक्षितिज तयार झालेले असते व नवी कृती त्या क्षितिजाशी झगडत किंवा जुळवून घेत अर्थपूर्ण होते, हा त्यांच्या मांडणीचा गाभा आहे.

ही मांडणी प्रयोगाला लावून पाहायची तर असा नाट्यप्रकार निवडणे सोयीचे ठरते, ज्यात अपेक्षा अतिशय तीव्र, नेमकी आणि व्यक्तिनिष्ठ असते. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवरील एकपात्री संगीतिका हा असा प्रकार आहे. एकच गायक-नट, त्याच्या नावाभोवती वर्षानुवर्षे जमलेला चाहता वर्ग, आधीच पाठ असलेली गाणी आणि अद्याप कोणी न पाहिलेला प्रयोग यांच्या संयोगातून प्रथम प्रयोगापूर्वीचा जो काळ निर्माण होतो, त्याचे स्वरूप तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. चाहत्याची उत्कंठा ही कलास्वादाला बाहेरून चिकटलेली गोष्ट आहे, की ती प्रयोगाच्या अर्थाचा एक घटक आहे, हा येथील मध्यवर्ती प्रश्न होय.

२. 'प्रथम प्रयोग' ही संस्था

मराठीत 'पहिला प्रयोग' म्हटले की प्रेक्षकांसमोर प्रथमच झालेला प्रयोग, एवढाच अर्थ होतो. ब्रॉडवेवरील 'ओपनिंग नाइट' या संज्ञेचा अर्थ तसा नाही. तेथे अधिकृत उद्घाटनापूर्वी काही दिवस, पुष्कळदा काही आठवडे, तिकीट लावून पूर्वप्रयोग केले जातात. या काळात गाण्यांचा क्रम बदलतो, निवेदने कापली जातात, प्रकाशयोजना सुधारली जाते. समीक्षकांना या मालिकेच्या शेवटच्या काही प्रयोगांना बोलावण्याची पद्धत रूढ झाल्यामुळे त्यांची परीक्षणे उद्घाटनाच्या रात्रीच प्रसिद्ध होतात. पूर्वी समीक्षक उद्घाटनाच्याच प्रयोगाला येत आणि पडदा पडताच वृत्तपत्राच्या कचेरीकडे धावत. ती रीत मागे पडली. उद्घाटनाच्या रात्री प्रेक्षागृहात निर्माते, भांडवल पुरवणारे, कलावंतांचे आप्त आणि निमंत्रित यांचाच भरणा अधिक असतो.

याचा परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. ज्या रात्रीची चाहता वाट पाहत असतो त्या रात्री तो स्वतः आत असेलच असे नाही. उत्साही चाहता बहुधा पहिल्या पूर्वप्रयोगालाच हजर राहतो, कारण त्याला अजून न ठरलेली, चाचपडणारी कृती पाहायची असते. उद्घाटनाची रात्र ही त्याच्या दृष्टीने निकालाची रात्र ठरते. आपल्या कलावंताविषयी आपल्याला जे वाटते ते परक्या, अधिकारी वाचकालाही वाटते का, याचा निर्णय त्या रात्री होणार असतो. म्हणजे ब्रॉडवेवर उत्कंठेचे दोन टप्पे पडतात : एक अनुभवाच्या उत्कंठेचा आणि दुसरा मान्यतेच्या उत्कंठेचा. 'लेडी डे ॲट इमर्सन्स बार अँड ग्रिल' या प्रयोगाचे पूर्वप्रयोग २५ मार्च २०१४ रोजी सुरू झाले आणि उद्घाटन १३ एप्रिल रोजी झाले. या दोन तारखांमधल्या जवळजवळ तीन आठवड्यांत कृती सार्वजनिकही होती आणि अपूर्णही होती. साहित्यकृतीच्या बाबतीत अशी अवस्था क्वचितच आढळते. याउस यांची संकल्पना प्रयोगाला लावताना हा फरक विसरून चालत नाही.

३. एकपात्री प्रयोगात अपेक्षा कशाची?

एका नटाने सादर करायचा नाट्यप्रकार आपल्या परंपरेला अपरिचित नाही. नाट्यशास्त्रातील दशरूपकांत 'भाण' हा एकाच पात्राने सादर करावयाचा प्रकार सांगितला आहे. त्यातील पात्र रंगमंचावर नसलेल्या व्यक्तींशी आकाशभाषिताच्या साहाय्याने बोलते, त्यांची उत्तरे स्वतःच उच्चारते, आणि या प्रकाराशी लास्यांगांचा संबंधही जोडलेला आहे. एका देहातून अनेकांचा भास निर्माण करणे हे भाणाचे मर्म होय. आधुनिक मराठी एकपात्री प्रयोगाने हीच वाट पुढे नेली. पु. ल. देशपांडे यांनी १९६१ मध्ये 'बटाट्याची चाळ' रंगमंचावर आणली तेव्हा एका माणसातून संपूर्ण चाळ उभी राहिली, प्रा. लक्ष्मण देशपांडे यांच्या 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या प्रयोगातही एकट्या नटाने वऱ्हाडातील पन्नासहून अधिक पात्रे उभी केली. या प्रयोगांत प्रेक्षकाची अपेक्षा नटाच्या रूपांतरशक्तीविषयी असते.

ब्रॉडवेवरील एकपात्री संगीतिकेची मुख्य धारा याहून वेगळी आहे. तेथे पुष्कळदा नट दुसरा कोणी होत नाही. तो स्वतःच स्वतःचे पात्र होतो. त्यामुळे प्रेक्षकाच्या अपेक्षेचे स्वरूप बदलते. तिचे तीन पदर वेगळे करता येतात. पहिला पदर चरित्रज्ञानाचा. कलावंताचे आयुष्य, त्याचे यश, व्यसने, विवाह, अपमान चाहत्याला ठाऊक असतात. दुसरा गीतज्ञानाचा. कोणते गाणे कोणत्या वर्षी, कोणत्या चित्रपटात किंवा नाटकात आले, मूळ ध्वनिमुद्रणात श्वास कोठे घेतला होता, इथपर्यंत हे ज्ञान सूक्ष्म असू शकते. तिसरा पदर अज्ञानाचा आहे. ही गाणी आणि हे आयुष्य कोणत्या क्रमाने गुंफले जाईल, कोणते गाणे कोणत्या प्रसंगाला जोडले जाईल, काय गाळले जाईल, हे त्याला माहीत नसते. उत्कंठा जन्मते ती या तिसऱ्या पदरात. कथानकप्रधान संगीतिकेचा प्रेक्षक 'पुढे काय होणार' असे विचारतो. एकपात्री संगीतिकेचा चाहता 'ठाऊक असलेले कसे सांगितले जाणार' असे विचारतो. आख्यान आधीच ठाऊक असलेला कीर्तनाचा श्रोता पूर्वरंगातील निरूपण उत्तररंगातील कथेला कसे जोडले जाते याकडे कान देतो, त्या वृत्तीशी या प्रश्नाचे नाते आहे.

४. कल्पित पात्राची एकपात्री संगीतिका

वरील विधानाला मर्यादा घालणारे एक उदाहरण प्रथम विचारात घ्यावे लागते. अँड्र्यू लॉइड वेबर यांचे संगीत आणि डॉन ब्लॅक यांची गीते असलेली 'टेल मी ऑन अ संडे' ही एका तरुण इंग्रज स्त्रीच्या अमेरिकेतील प्रेमप्रकरणांची गीतमालिका प्रथम १९७९ मध्ये सादर झाली. १९८० मध्ये मार्टी वेब यांच्या आवाजात तिची ध्वनिमुद्रिका निघाली आणि ती दूरचित्रवाणीवरूनही प्रसारित झाली. पुढे १९८२ मध्ये लंडनमध्ये एका नृत्यरचनेशी जोडून 'साँग अँड डान्स' या नावाने ती रंगमंचावर आली. १९८५ च्या सप्टेंबरात हीच कृती रिचर्ड मॉल्टबी यांच्या संस्करणासह ब्रॉडवेवर आली तेव्हा पूर्वार्धात बर्नाडेट पीटर्स रंगमंचावर एकट्या होत्या. या भूमिकेसाठी त्यांना १९८६ चा टोनी पुरस्कार मिळाला आणि ४७४ प्रयोग झाले.

येथे गीतज्ञान होते, कारण ध्वनिमुद्रिका पाच वर्षे आधी निघालेली होती. चरित्रज्ञान मात्र अप्रस्तुत होते, कारण नायिका कल्पित होती. म्हणून अपेक्षेचा रोख मार्टी वेब यांच्या आवाजातील स्मृती आणि पीटर्स यांच्या आवाजातील नवी अभिव्यक्ती यांतील अंतराकडे होता. 'बटाट्याची चाळ' पुस्तकरूपाने १९५८ मध्ये आलेली असल्याने तिच्या प्रयोगाला येणारा मराठी प्रेक्षकही संहिता वाचूनच आलेला असे. शब्द ठाऊक असूनही कुतूहल कमी होत नाही, ते केवळ आशयाकडून उच्चाराकडे सरकते, ही गोष्ट दोन्ही उदाहरणांतून स्पष्ट होते.

५. एकच गाणे दोनदा : लीना हॉर्न

चरित्र, गीत आणि रचना हे तिन्ही पदर पूर्णपणे एकत्र आलेले उदाहरण म्हणजे 'लीना हॉर्न : द लेडी अँड हर म्युझिक'. १२ मे १९८१ रोजी न्यूयॉर्कच्या नीडरलँडर थिएटरमध्ये या प्रयोगाचे उद्घाटन झाले. लीना हॉर्न तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. त्याआधी १९८० मध्ये त्यांनी निवृत्तीची घोषणा करून निरोपाचा दौरा केलेला होता. म्हणजे चाहत्यांची उत्कंठा एका निरोपानंतरची होती. जे संपले असे वाटले होते ते पुन्हा ऐकायला मिळणार होते. प्रयोग ३३३ वेळा झाला आणि ३० जून १९८२ रोजी, त्यांच्या पासष्टाव्या वाढदिवशी, थांबला. १९८१ मध्ये त्यांना विशेष टोनी पुरस्कार देण्यात आला.

या प्रयोगाला येणाऱ्या प्रेक्षकाच्या मनात एक गाणे हमखास होते : 'स्टॉर्मी वेदर'. हॅरल्ड आर्लेन आणि टेड कोहलर यांचे हे गीत १९३३ मध्ये हार्लेममधील कॉटन क्लबात एथेल वॉटर्स यांनी प्रथम गायिले होते. हॉर्न त्याच वर्षी, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्या क्लबाच्या नृत्यसमूहात दाखल झाल्या. १९४३ मध्ये याच नावाच्या चित्रपटात त्यांनी ते गायिले आणि ते त्यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले. चाहत्याच्या स्मृतीत वसलेली ही लीना हॉर्न सुंदर, संयत आणि दूरस्थ होती. पण त्या प्रतिमेमागचा इतिहास निराळा होता. ज्या चित्रपटसंस्थेशी त्या करारबद्ध होत्या त्या संस्थेच्या अनेक चित्रपटांत त्यांची गाणी मुख्य कथानकापासून अशी अलग ठेवली जात की दक्षिणेकडील राज्यांत ती कापून टाकून चित्रपट दाखवता यावा. प्रेक्षक ज्या प्रतिमेवर प्रेम करीत होता तिच्या घडणीत वर्णभेदाचा हात होता.

१९८१ च्या प्रयोगात हॉर्न यांनी 'स्टॉर्मी वेदर' दोनदा गायिले. पूर्वार्धात ते प्रेक्षकाच्या ओळखीच्या वळणाने आले. उत्तरार्धात, दरम्यानच्या निवेदनांतून आयुष्याचा पट उलगडल्यानंतर, तेच गाणे पुन्हा आले. आता त्याचा उच्चार मोकळा, आक्रमक आणि वेदनेला न लपवणारा होता. मराठी संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला 'वन्स मोअर' परिचित आहे. तेथे पद पुन्हा होते ते प्रेक्षकाच्या मागणीवरून, आणि जे आवडले तेच पुन्हा मिळावे ही त्या मागणीमागची इच्छा असते. हॉर्न यांच्या प्रयोगातील पुनरावृत्ती गायिकेने ठरवलेली होती आणि तिचा हेतू उलटा होता. पहिल्या गायनाने प्रेक्षकाची अपेक्षा पुरी झाली. दुसऱ्याने त्या अपेक्षेतच काय झाकले गेले होते ते दाखवून दिले.

याउस यांच्या परिभाषेत सांगायचे तर येथे क्षितिजबदल दोन कृतींमध्ये घडलेला नसून एकाच कृतीच्या पोटात घडलेला आहे. मात्र एक गोष्ट अधोरेखित करायला हवी. ज्या प्रेक्षकाला 'स्टॉर्मी वेदर'ची प्रतीक्षाच नव्हती त्याला दुसऱ्या गायनात एक प्रभावी गाणे ऐकू आले असेल. त्यातील उत्तर ऐकू येण्यासाठी आधी प्रश्न मनात असावा लागतो. प्रतीक्षा हीच येथे अर्थग्रहणाची अट ठरते.

६. बदली नट नसलेला प्रयोग : इलेन स्ट्रिच

एकपात्री प्रयोगाच्या उत्कंठेत एक धास्तीही मिसळलेली असते. ब्रॉडवेवरील मोठ्या संगीतिकांत प्रमुख भूमिकेसाठी बदली नट तयार ठेवला जातो. आत्मचरित्रात्मक एकपात्रीला बदली नट असूच शकत नाही. कलावंताचा आवाज बसला तर प्रयोगच होत नाही. 'इलेन स्ट्रिच ॲट लिबर्टी' या प्रयोगात हा मुद्दा आशयाचाच भाग झालेला आहे. न्यूयॉर्कच्या पब्लिक थिएटरमध्ये २००१ च्या अखेरीस सुरू झालेला हा प्रयोग २००२ च्या फेब्रुवारीत ब्रॉडवेवर आला. दिग्दर्शन जॉर्ज वुल्फ यांचे होते आणि संहितेच्या घडणीत समीक्षक जॉन लार यांचा वाटा होता. जवळजवळ रिकामा रंगमंच, एक उंच खुर्ची, पांढरा सदरा आणि काळे घट्ट मोजे घातलेली सत्तरी ओलांडलेली अभिनेत्री, एवढ्यावर हा प्रयोग उभा होता.

त्यातील एक प्रसिद्ध निवेदन स्ट्रिच यांच्या तारुण्यातील आहे. १९५० च्या दशकाच्या आरंभी त्या 'कॉल मी मॅडम' या संगीतिकेत एथेल मर्मन यांच्या बदली अभिनेत्री होत्या. मर्मन यांनी प्रयोग कधीच चुकवला नाही, त्यामुळे स्ट्रिच यांना ती संधी मिळाली नाही. पुढे दुसऱ्या संगीतिकेच्या बाहेरगावच्या प्रयोगांत काम करतानाही त्यांना न्यूयॉर्कमध्ये हजेरी लावून तिकडे धावावे लागे. दुसऱ्याची जागा भरण्यासाठी वाट पाहणारी मुलगी आणि जिची जागा कोणीही भरू शकत नाही अशी वृद्धा, ही दोन टोके प्रेक्षकासमोर एकाच देहात येतात.

चाहते मात्र वाट पाहत असतात ती 'द लेडीज हू लंच' या गाण्याची. स्टीफन सॉन्डहाइम यांच्या 'कंपनी' या १९७० च्या संगीतिकेतील हे गाणे स्ट्रिच यांच्या नावाशी एकरूप झालेले आहे. त्याच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी त्यांना किती झगडावे लागले हे डी. ए. पेनिबेकर यांच्या माहितीपटामुळे चाहत्यांनी पाहिलेले होते. मद्याचा चषक उंचावत गायिलेले हे उपरोधिक गाणे 'ॲट लिबर्टी'मध्ये येते तेव्हा गायिकेच्या स्वतःच्या मद्यासक्तीची कबुली त्याच्या भोवती उभी असते. गाण्याचे शब्द बदललेले नसतात. ज्या पात्राच्या तोंडी ते होते ते पात्र बाजूला झालेले असते. चाहत्याला हवे होते तेच त्याला मिळते, परंतु ते घेताना त्याला आपल्या तीस वर्षांच्या आनंदाचा हिशेब द्यावा लागतो.

७. ज्याचा शेवट ठाऊक आहे : 'लेडी डे'

लॅनी रॉबर्टसन यांचे 'लेडी डे ॲट इमर्सन्स बार अँड ग्रिल' प्रथम १९८६ मध्ये अटलांटात सादर झाले. त्याचा काळ मार्च १९५९ चा आणि स्थळ फिलाडेल्फियातील एक लहान मद्यगृह आहे. बिली हॉलिडे तेथे गात आहेत, आपल्या आयुष्याविषयी बोलत आहेत आणि हळूहळू खचत आहेत. सोबतीला पियानोवादक आहे, पण नाट्यभार एकाच पात्रावर आहे. १९४७ मधील अमली पदार्थांच्या खटल्यानंतर न्यूयॉर्कमधील मद्य विकणाऱ्या क्लबांत गाण्याचा परवाना हॉलिडे यांना नाकारला गेला होता. प्रयोगातील रात्रीनंतर चारच महिन्यांनी, १७ जुलै १९५९ रोजी, त्यांचे निधन झाले.

२०१४ मध्ये ऑड्रा मॅकडॉनल्ड यांनी ही भूमिका सर्कल इन द स्क्वेअर या नाट्यगृहात केली. तेथे काही प्रेक्षकांना रंगस्थळीच मद्यगृहातील मेजांभोवती बसवलेले होते. परिणामी प्रेक्षकाला दुहेरी भूमिका आली. तो २०१४ मधील मॅकडॉनल्ड यांचा चाहता होता आणि त्याच वेळी १९५९ मधील हॉलिडे यांचा श्रोता होता. पहिला नात्याने त्याला एका विलक्षण आवाजाच्या अभिनेत्रीने स्वतःचा आवाज बाजूला ठेवून दुसऱ्या गायिकेचा फाटका, थकलेला स्वर कसा धारण केला याचे कुतूहल होते. दुसऱ्या नात्याने तो अशा गायिकेची वाट पाहत होता, जी पुढचे गाणे पुरे करील की नाही याची खात्री नव्हती. मेजावर बसलेल्या १९५९ च्या श्रोत्याला जे ठाऊक नाही, ते २०१४ च्या प्रेक्षकाला ठाऊक आहे. या ज्ञानामुळे त्याची प्रतीक्षा करुण होते.

या भूमिकेने मॅकडॉनल्ड यांना सहावा टोनी पुरस्कार मिळाला आणि अभिनयाच्या चारही विभागांत तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या ठरल्या. हा पुरस्कार संगीतिकेतील अभिनेत्रीचा नसून नाटकातील प्रमुख अभिनेत्रीचा होता. डझनाहून अधिक गाणी असूनही कृती 'नाटक' गणली गेली. प्रकारनिश्चितीच्या या प्रश्नाचाही अपेक्षेशी संबंध आहे, कारण 'संगीतिका' म्हणून आलेला प्रेक्षक गाण्यांची वाट पाहतो आणि 'नाटक' म्हणून आलेला प्रेक्षक गाणी थांबण्याची.

८. प्रवेशाचा प्रश्न : स्प्रिंगस्टीन

येथवर चाहत्याची प्रतीक्षा ही एक मानसिक अवस्था म्हणून पाहिली. ती आर्थिक आणि सामाजिकही आहे, हे 'स्प्रिंगस्टीन ऑन ब्रॉडवे'च्या उदाहरणावरून ध्यानात येते. वॉल्टर कर थिएटरमध्ये ३ ऑक्टोबर २०१७ रोजी पूर्वप्रयोग सुरू झाले आणि १२ ऑक्टोबरला उद्घाटन झाले. हजारो श्रोत्यांच्या मैदानांत गाणारा हा गायक हजाराहून कमी आसनांच्या नाट्यगृहात आला होता. तिकिटे काळाबाजारवाल्यांच्या हाती पडू नयेत म्हणून चाहत्यांची पूर्वनोंदणी करून निवडक लोकांनाच खरेदीचा संकेतांक देण्याची पद्धत वापरली गेली. किमती ७५ ते ८५० डॉलरपर्यंत होत्या. प्रत्येक प्रयोगाची २६ तिकिटे सोडतीद्वारे ७५ डॉलरना दिली जात. एवढे करूनही पुनर्विक्रीत किमती कितीतरी पटींनी वाढल्या. आठ आठवड्यांसाठी योजलेला प्रयोग वारंवार वाढवत १५ डिसेंबर २०१८ पर्यंत चालला व २३६ वेळा झाला. दुसऱ्याच दिवशी त्याचे चित्रीकरण नेटफ्लिक्सवर सर्वांसाठी खुले झाले.

श्रमिकांविषयी गाणाऱ्या कलावंताचा प्रयोग श्रमिकाला परवडत नाही, हा विरोध स्पष्टच होता. परंतु संहितेने स्वतःच त्याहून खोल विरोध मांडला. प्रयोगाच्या आरंभीच स्प्रिंगस्टीन सांगतात की आपण कारखान्यांविषयी आयुष्यभर लिहिले, पण कारखान्यात कधी काम केले नाही. चाहत्याची सर्वांत प्रिय अपेक्षा, म्हणजे गाणारा आणि गाण्यातला माणूस एकच आहे ही, पडदा वर जाताच मागे घेतली जाते. पुढे 'बॉर्न इन द यू.एस.ए.' हे गाणे विजयगीताच्या थाटात न येता जवळजवळ उघड्या आवाजात, व्हिएतनाम युद्धात गेलेल्या तरुणांच्या आठवणींनंतर येते.

आणखी एक बदल अनुभवी चाहत्याला जाणवला. स्प्रिंगस्टीन यांच्या मैफलीत गाण्यांचा क्रम रोज बदलतो आणि श्रोते फलक उंचावून फर्माइश करतात. ब्रॉडवेवर क्रम आणि निवेदन जवळजवळ तेच राहिले. मैफलीच्या श्रोत्याला 'आज काय' याची उत्सुकता असते. नाटकाच्या प्रेक्षकाला 'आजही तेच, पण आज कसे' याची. एकाच चाहत्याला एका प्रेक्षकपणातून दुसऱ्यात जावे लागले, आणि हे स्थलांतर म्हणजेच मैफलीचे नाटक होणे होय.

९. रसविघ्न की रससामग्री?

या सर्व उदाहरणांसमोर भारतीय काव्यशास्त्र एक अडचण उभी करते. अभिनवगुप्तांनी सांगितलेल्या सात रसविघ्नांपैकी एक असे : प्रेक्षकाला समोरचा भाव हा अमुक व्यक्तीचा, अमुक काळाचा आणि अमुक स्थळाचा असे वाटू लागले की साधारणीकरण अडते. पूर्वरंग, प्रस्तावना, वेषभूषा यांच्या योगाने नटाचे लौकिक व्यक्तित्व झाकले जाते आणि हे विघ्न दूर होते, अशी त्यांची उपपत्ती आहे. आत्मचरित्रात्मक एकपात्री संगीतिकेत नटाचे लौकिक व्यक्तित्व झाकले जात नाही, तेच प्रयोगाचा विषय असते. चाहता तर त्या व्यक्तित्वासाठीच आलेला असतो. या निकषावर असा प्रयोग म्हणजे विघ्नांची मालिकाच ठरावी.

परंतु उदाहरणांची तपासणी वेगळ्या निष्कर्षाकडे नेते. हॉर्न यांचे दुसरे गायन, स्ट्रिच यांचे उपरोधगीत, स्प्रिंगस्टीन यांची आरंभीची कबुली या तिन्ही ठिकाणी विशिष्ट व्यक्तीविषयीचे कुतूहल प्रथम जागे केले जाते आणि मग ते ओलांडले जाते. वर्णभेदाने घडवलेली प्रतिमा, कलेत सुरक्षित वाटणारे व्यसन, स्वतः न जगलेल्या जीवनावर उभारलेली प्रतिष्ठा, हे त्या-त्या व्यक्तीचे प्रश्न राहत नाहीत. साधारणीकरण येथे घडते, मात्र ते आरंभी गृहीत धरलेले नसते. प्रयोगाच्या ओघात ते कमवावे लागते. जेथे ते कमावले जात नाही तेथे प्रयोग जुन्या गाण्यांची सुखद उजळणी एवढाच उरतो. अपेक्षा केवळ पुरवणाऱ्या कृतींना याउस यांनी पाकसिद्धीच्या पातळीवरील कला म्हटले ते अशाच प्रयोगांना लागू पडेल. तेव्हा दोष अपेक्षेचा नाही, तिच्यापाशीच थांबण्याचा आहे.

१०. समारोप

प्रस्तुत विवेचनातून काही निष्कर्ष हाती येतात. पहिला, एकपात्री संगीतिकेच्या संदर्भात प्रथम प्रयोगापूर्वीचा काळ हा कृतीच्या बाहेरचा मानता येत नाही. प्रयोगाची रचनाच त्या काळात जमलेल्या ज्ञानाला आणि इच्छेला उद्देशून केलेली असते. दुसरा, चाहत्याचे पूर्वज्ञान नावीन्याच्या आड येत नाही. ते नावीन्य ओळखण्याचे साधन ठरते. तिसरा, चाहत्याची अपेक्षा ही कलावंतावरची एक मागणीही असते. तू आम्हांला आठवतेस तशीच राहा, अशी ती मागणी असते. या प्रकाराचे श्रेष्ठ नमुने ती मागणी ऐकतात आणि तिला उत्तर देतात. चौथा, ही प्रतीक्षा सर्वांना सारखी उपलब्ध नसते. तिकिटाची किंमत, नाट्यगृहाचे आकारमान आणि निमंत्रितांची यादी यांवरून प्रेक्षक ठरतो, आणि प्रेक्षक बदलला की अर्थही बदलतो.

मराठी एकपात्री प्रयोगांच्या अभ्यासातही या निष्कर्षांचा उपयोग होण्यासारखा आहे. आपल्याकडे एकपात्रीचे मूल्यमापन मुख्यतः नटाच्या बहुरूपी कौशल्यावरून झाले. ज्या प्रयोगांत नट स्वतःच्या नावानिशी, स्वतःच्या गतकालासह उभा राहतो त्यांची चर्चा वेगळ्या निकषांनी करावी लागेल. त्यासाठी प्रयोगाच्या संहितेबरोबर पूर्वप्रसिद्ध पुस्तके, ध्वनिमुद्रिका, जाहिराती, मुलाखती आणि रसिकांचा पत्रव्यवहार ही सामग्री जमवणे आवश्यक आहे. पडदा वर जाण्याआधी प्रेक्षकाच्या मनात काय होते हे कळल्याखेरीज पडदा वर गेल्यानंतर काय घडले याचा पुरता उलगडा होणार नाही.